सरासरीआड दडलेले वर्ष

मक्याच्या संकरित वाणाची जाहिरात करताना सरासरी उत्पादनाचा आकडा ठळक छापला जातो. तो खोटा नसतो. परंतु तो कोणाच्या शेतातला, हे कोणी विचारीत नाही. समजा, एका वाणाने तीन ठिकाणी हेक्टरी ९०, ६० व १५ क्विंटल दाणे दिले आणि दुसऱ्याने ६२, ५५ व ४२. सरासरी अनुक्रमे ५५ व ५३. कागदावर पहिला श्रेष्ठ ठरला. मात्र ज्याची जमीन तिसऱ्या ठिकाणासारखी, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष तो पेरल्याने बुडाले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, खतमजुरीही आधीच खर्ची पडलेली असते. सावकाराच्या दारी सरासरी चालत नाही.

मक्याची रचनाच अशी की फुलोऱ्याच्या वेळचा पावसाचा खंड त्याला विशेष भोवतो. नर फुलांचा तुरा शेंड्यावर येतो, कणीस खाली खोडाच्या मध्याजवळ. पाण्याचा ताण पडला तरी तुरा बहुधा वेळेवर येतो; कणसाचे केस मात्र उशिरा बाहेर पडतात. तोवर पराग झडून गेलेले असतात आणि कणीस दाण्यावाचून राहते. हे अंतर काही वाणांत कमी, काहींत फार वाढते. सिंचनाखालच्या एकाच प्रक्षेत्रावर चाचणी घेतली, तर हा भेद दिसणारच कसा?

मोजमापाची रीत नवी नाही. एबरहार्ट व रसेल या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ती मांडली. प्रत्येक ठिकाणच्या सर्व वाणांच्या सरासरीवरून ते ठिकाण किती अनुकूल हे ठरवावयाचे आणि त्या चढउताराबरोबर एकेक वाण किती चढतो-उतरतो व किती बेभरवशाने वागतो, हे पाहावयाचे. अर्थात केवळ स्थैर्य हा गुण नव्हे. सर्वत्र सारखेच कमी पिकणारा वाणही स्थिरच म्हणावा लागेल! उच्च सरासरीची जोड त्याला हवीच. शिवाय एका हंगामाची परीक्षा अपुरी. ठिकाण निवडता येते, पावसाळा निवडता येत नाही.

आपल्याकडे अखिल भारतीय समन्वित मका सुधार योजना १९५७ मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये तिचे पहिले संकरित वाण आले. तेव्हा अनेक केंद्रांवर चाचण्या घेण्याची परंपरा आहेच. उणीव आहे ती निष्कर्ष शेतकऱ्याच्या हाती पोहोचविण्याची. कोंबडीखाद्य व इथेनॉल यांमुळे मक्याची मागणी वाढत असताना हलक्या, पावसावर विसंबलेल्या जमिनींतही त्याचा पेरा होणार. अशा वेळी बियाण्याच्या पिशवीवर सरासरीशेजारी सर्वांत वाईट ठिकाणचा आकडाही छापण्याची सक्ती का असू नये? इतक्या आकड्यांनी शेतकरी गोंधळेल, ही सबब पटणारी नाही. ‘पाऊस नाही पडला तर किती होईल?’ हाच तर दुकानात त्याचा पहिला प्रश्न असतो.