शिक्का शासनाचा, जोखीम गरिबाची

खामगावच्या किंवा मेहकरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एखाद्या दिवशी घटकाभर उभे राहून पाहावे. आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून आलेला हमाल, अंगणवाडी सेविका, मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून तालुक्याला आलेला कोरडवाहू शेतकरी असे सारे तेथे ताटकळत बसलेले असतात. मुद्रांक शुल्क भरले जाते, नोंदणी फी भरली जाते, छायाचित्र निघते, अंगठा उमटतो आणि खरेदीखतावर शासनाचा शिक्का बसतो. घर आता आपले झाले, खुद्द सरकारनेच तसे सांगितले, असे त्या क्षणी घेणाऱ्याला वाटते. हा समज खोटा आहे. आणि तो खोटा असल्याचे शिक्का मारणारे शासन त्याला सांगत नाही, ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठी फसवणूक होय.

आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचा विक्रीदस्त नोंदविणे 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. परंतु विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे की नाही, याचा निवाडा करण्याचे काम त्या कायद्याने निबंधकाकडे दिलेलेच नाही. तामिळनाडू शासनाने नियम करून ही तपासणी निबंधकाकडे सोपविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरविला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिहारमधील एका प्रकरणात याच न्यायालयाने नोंदणी व मालकी यांमधील दरीवर बोट ठेवले. तेव्हा दोष खिडकीमागच्या कारकुनाचा नाही, व्यवस्थेचा आहे. शासन शुल्क आकारते घराच्या किमतीवर, आणि ग्वाही देते ती केवळ कागद नोंदल्याची!

या दरीत कोण पडते? गावठाणातील घराचे पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून घरे विकली जातात. वास्तविक हा उतारा कर आकारणीचा आहे. कर कोण भरतो एवढेच तो सांगतो, मालक कोण हे ठरवीत नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हे स्वागतार्हच. पण पत्रिकेवर एकाच भावाचे नाव चढले आणि बहिणींची नावे राहिली, तर? वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. तिची सही न घेता भावांनी घर विकले, तर एके दिवशी वाटपाचा दावा उभा राहतो. येथे बहीण खलनायिका नव्हे. तिचा हक्क दडपून पैसा खिशात घालणारा खरा अपराधी आहे. भोगतात मात्र बहीण आणि घेणारा.

दुसरे उदाहरण शहरांच्या कडेला पडणाऱ्या गुंठ्यांचे. 1947 चा तुकडेबंदी कायदा शेती टिकावी म्हणून आला. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतासाठी 20 आणि बागायतासाठी 10 गुंठे ठरले. पण घराला लागतो एक गुंठा, आणि रीतसर मंजूर अभिन्यासात पडलेला भूखंड कष्टकऱ्याला परवडत नाही. मग शेतच चुन्याच्या रेघा मारून विकले जाते. कागद म्हणून हाती पडते इसारपावती, मुद्रांकावरचा करार, नाहीतर मुखत्यारपत्र. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 54 स्पष्ट म्हणते की, विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. मुखत्यारपत्रावरची विक्री ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बजावले. शासनाने काय केले? 2021 मध्ये परिपत्रक काढून अशा दस्तांची नोंदणी अडविली; 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले; आणि 2025 मध्ये अध्यादेश काढून 1965 ते 2024 या काळातील तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचे ठरले. सुटका झाली, ठीक. पण इतकी वर्षे सातबाऱ्यावर नाव नाही, बँकेचे कर्ज नाही, ही शिक्षा कोणी भोगली? घेणाऱ्याने. रेघा मारणारा केव्हाच पैसे मोजून मोकळा झाला होता.

म्हणून सारेच निर्बंध मोडीत काढा, असा याचा अर्थ नव्हे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर आदिवासींकडे जाऊ शकत नाही. ही अडचण नसून ढाल आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. लोणारला दैत्यसूदन मंदिरासारख्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामास 2010 च्या दुरुस्तीने मनाई आहे, तीही योग्यच. प्रश्न एवढाच की, हे घेणाऱ्याला सांगायचे कोणी?

यावर सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते: घेणाऱ्याने सावध राहावे, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. सल्ला खरा आहे आणि पाळावाही. परंतु त्याचा खर्च कोण करणार? मिळकतीतील दोष विकणाऱ्याने उघड करावा, असे कलम 55 सांगते. पण साधारण दक्षतेने घेणाऱ्याला जो दोष कळू शकला नसता, तेवढाच! ही 'साधारण दक्षता' साक्षर, सवड असलेल्या, वकील परवडणाऱ्या माणसाच्या मापाने बेतलेली आहे. 2016 चा रेरा कायदाही 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून वगळतो. तालुक्याच्या गावातील छोटी इमारत नेमकी याच फटीतून निसटते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1858 मध्येच मालकीची नोंदणी स्वीकारली. राजस्थानने 2016 मध्ये शहरी मालकीच्या प्रमाणपत्राचा कायदा केला. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. आमची मागणी साधी आहे. शुल्क घेण्यापूर्वी मिळकतीवरील बोजा, दावे, वारस, वर्ग दोनची शर्त व बांधकामाचे निर्बंध यांचे एकत्रित विवरण शासनाने मराठीत, लेखी द्यावे. शासकीय नोंद चुकीची निघाली तर नुकसानभरपाई शुल्काच्या उत्पन्नातून मिळावी. बेकायदा तुकडे पाडणाऱ्यावर कारवाई व्हावी, घेणाऱ्यावर नव्हे.

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत इसार देण्यापूर्वीच माणसाला विधी सेवा समितीच्या दारापर्यंत नेणारा एक तरी साथी उभा राहिला पाहिजे. दावा उभा राहिल्यावर सहानुभूती दाखविण्यापेक्षा इसाराचे पैसे हातातून सुटण्यापूर्वी तो हात धरणे, हे अधिक मोलाचे काम आहे.