पदराची गाठ आणि बुधवारची गोळी

'मनाशी खूणगाठ बांधली' असं आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात एक खरीखुरी गाठ आहे हे विसरूनच जातो. पूर्वी बायका एखादी गोष्ट विसरू नये म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. पुरुषमंडळी उपरण्याला नाहीतर रुमालाला. दिवसभरात पदर दहादा हाताशी येणार, गाठ बोटांना लागणार, आणि आठवणार, अरे हो, वाण्याकडून हिंग आणायचंय. हिंग आणलं की गाठ सोडायची. बस्स. ना सेटिंग, ना बॅटरी :)

फोनमधल्या टू-डू ॲपमध्ये लावलेलं रिमाइंडर चांगलं की वाईट, हे ठरवायला माझ्या मते यापेक्षा चांगला निकष नाही. गाठ ज्याची त्याने बांधलेली असते. ती हात जातो तिथेच असते. आणि मुख्य म्हणजे काम झाल्यावरच सोडायची असते. आपली बहुतेक रिमाइंडर्स या तिन्ही परीक्षांत नापास होतात. गंमत म्हणजे यात ॲपचा दोष फारसा नसतो. सोय आत असते, पण आपण ती उघडून बघत नाही. कामाचं नाव टाकलं, पहिली दिसेल ती वेळ निवडली, की रिमाइंडर लावलं असं आपण समजतो.

आता हिंग राहिलं तर आमटी बिनहिंगाची होईल, एवढंच. पण सगळीच कामं हिंगाची नसतात. मी या विषयावर एवढा विचार का केला, तर आईमुळे.

आईला संधिवात आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांना ठाऊक असेल, संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, जिवावर बेतू शकतं. जगभर अशा चुका होऊन माणसं दगावली आहेत, इतक्या की युरोपातल्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली खास याच चुकीसाठी नवे उपाय सुचवले. शिवाय जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, ती वेगळ्या दिवशी. आणि दोन्ही गोळ्या लहानशा, पिवळ्या असू शकतात! आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तीनतीनदा सांगितलं, वार पक्का करा. आम्ही बुधवार ठरवला. फॉलिक ॲसिडला शनिवार.

म्हणजे इथे रिमाइंडरला दोन कामं आहेत. बुधवारी आठवण करायची, आणि बाकीचे सहा दिवस गप्प बसायचं. शिवाय तिसरंही एक काम आहे, जे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. पंच्याहत्तरीच्या माणसाला "गोळी घ्यायची आहे" हे सहसा आठवतं. आठवत नाही ते "घेतली का?" रात्री साडेदहाला अंथरुणावर पडल्यावर पडणारा हा प्रश्न फार वाईट. घेतली असेल आणि पुन्हा घेतली तर? नसेल घेतली आणि तशीच झोपले तर? या प्रश्नाचं उत्तर घंटा देत नाही. ते त्या छोट्याशा टिकमध्ये असतं. पदराची गाठ सुटलेली दिसली की काम झालेलं, तसं.

आणि नेमकी इथेच फोनची गोची आहे. नोटिफिकेशन आलं, बोटाने बाजूला सरकवलं, गेलं. काम झालेलं नाही, पण गाठ सुटली! त्यामुळे आईच्या फोनवर पहिला नियम हा, की टिक केल्याशिवाय आठवण हटता कामा नये. काही ॲप्समध्ये तशी सोय असते. आयफोनवरचं ड्यू नावाचं ॲप तर याच हट्टीपणासाठी ओळखलं जातं, काम झाल्याची खूण करेपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाजत राहतं. तुमच्या ॲपमध्ये हे नसेल तर एकाच कामाला दोन-तीन आठवणी लावता येतात का ते बघा. हेही नसेल तर पंधरा पंधरा मिनिटांनी तीन वेगळी कामं मात्र लावू नका. 'गोळी घे' असं तीनदा दिसणं इथे धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ॲप स्वतःहून जी वेळ सुचवतं ती कुणाचीच नसते. सकाळी नऊ हा काय मुहूर्त आहे का? मानसशास्त्रात आइनस्टाइन (ते नव्हेत, हे वेगळे :)) आणि मॅकडॅनियल या जोडीने १९९० साली अशा आठवणीचे दोन प्रकार मांडले. एक घड्याळाशी बांधलेली, 'आठ वाजता अमुक कर'. दुसरी प्रसंगाशी बांधलेली, 'अमका भेटला की सांग'. दुसरीत समोरचा प्रसंगच आठवण करून देतो, पहिलीत आपल्यालाच घड्याळावर लक्ष ठेवावं लागतं. आपल्या आज्या हे शोधनिबंध न वाचताच जाणत होत्या. 'दिवेलागणीला', 'गाईचं दूध काढून झालं की', 'जेवणं उरकली की'. आईचा दिवसही असाच चालतो. तिला विचारलं, बुधवारी गोळी घ्यायला सोयीचं कधी? ती म्हणाली, "ओटा पुसून झाला की." मग ओटा पुसून होतो पावणेनऊच्या सुमारास, म्हणून रिमाइंडर पावणेनऊचं. आठला लावलं असतं तर ती मालिकेची वेळ, हात सरळ फोन गप्प करायला गेला असता. तर घड्याळ ॲपचं, पण प्रसंग माणसाचा.

आता 'पुन्हा' ही सेटिंग. इथे थोडं किचकट आहे, पण वाचा, कारण आठवड्याच्या गोळीत सगळी मेख इथेच आहे. पुनरावृत्ती दोन तऱ्हांची असते. एक, ठरलेल्या वारी. दुसरी, काम पूर्ण केल्यापासून इतक्या दिवसांनी. टूडूइस्टमध्ये तर या दोन्हींत फक्त एका उद्गारचिन्हाचा फरक आहे. 'एव्हरी' लिहून सात दिवस म्हटलं तर मूळ तारखेपासून मोजतो, 'एव्हरी' ला उद्गारचिन्ह जोडलं की टिक केल्याच्या दिवसापासून. पाण्याच्या फिल्टरची कँडल धुवायची असेल तर दुसरी तऱ्हा बरोबर. आज चार दिवस उशिरा धुतली, तर पुढची पाळीही चार दिवसांनी सरकायला हवी. पण गोळीला हे चालणार नाही. एखादा बुधवार चुकला आणि टिक गुरुवारी झाली, तर दुसऱ्या तऱ्हेत पुढची गोळी गुरुवारी जाते, मग कधीतरी शुक्रवारी, शनिवारी, आणि बघता बघता ती फॉलिक ॲसिडच्या दिवसाला जाऊन भिडते. 'वार पक्का करा' याचा अर्थ ॲपच्या भाषेत 'दर बुधवारी', दुसरं काही नाही. आणि बुधवार चुकलाच तर काय करायचं, हे आम्ही डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं आणि त्याच कामाच्या खाली टीप म्हणून लिहून ठेवलं. तुमच्या घरी असं औषध असेल तर तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. चुकलेली भरून काढायला दोन एकदम घेणं हा उपाय नाही, एवढं मात्र सगळ्यांनाच लागू.

मग शब्द. गाठ ज्याची त्याने बांधावी असं वर म्हटलं ते यासाठी. माझा भाऊ डब्लिनला असतो. त्याने लिहिलेलं रिमाइंडर असतं 'मेथोट्रेक्सेट, वीकली, आफ्टर डिनर'. अचूक आहे, पण आईचं नाही. आईकडे सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे, तिने स्वतः कागदाचे तुकडे चिकटवून त्यावर सो, मं, बु लिहिलंय. तिने स्वतः बोलून टाईप केलेलं वाक्य असं: 'आज बुधवार. जेवलीस ना? मग बु चा कप्पा.' यात रंग नाही, औषधाचं इंग्रजी नाव नाही, वार आहे आणि डबी आहे. डबी ओट्याशेजारीच असते. म्हणजे हात जातो तिथे. मला विचाराल तर जगातलं कुठलंही रिमाइंडर यापेक्षा चांगलं लिहिता येणार नाही.

खरा वाद झाला तो पुढे. ॲपमधली यादी कुटुंबात वाटून घेता येते. भावाचं म्हणणं, सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजू दे, म्हणजे कुणी ना कुणी आईला फोन करेल. त्याची काळजी मला कळते. आपले पावणेनऊ म्हणजे त्याच्याकडे उन्हाळ्यात सव्वाचार, हिवाळ्यात सव्वातीन. तो ऑफिसात असतो, आई इतक्या लांब, आणि औषध असं. पण आईने सरळ सांगितलं, "गोळी माझी. टिक मी करीन. तुम्ही बघा, पण ओरडू नका." मी आईच्या बाजूची. ज्या क्षणी रिमाइंडर दुसऱ्याच्या हातात जातं त्या क्षणी त्याची पाळत होते, आणि पाळतीला माणूस एकच उत्तर देतो, फोन बंद. शिवाय आज ज्या बाईला अजून स्वतःचं सगळं कळतंय, तिच्या हातून तिची गाठ काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मग तोडगा निघाला तो असा. भावाला यादी दिसते, घंटा वाजत नाही. त्याला वाटलं तर तो टिक बघतो. माझ्या फोनवर माझं स्वतःचं वेगळं काम आहे, बुधवार, रात्री दहा: 'आईची टिक बघ'. टिक असेल तर मी काहीच करत नाही. नसेल तर फोन करते, आणि तोही "गोळी घेतलीस का?" असा नाही. "डबीत बु रिकामा आहे का गं?" असा. पहिल्या प्रश्नात तिची स्मरणशक्ती पणाला लागते, दुसऱ्यात फक्त डबी उघडून बघायचं असतं. फरक बारीक आहे, पण ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत त्यांना तो कळेल.

एक तांत्रिक सूचना. इतकं सगळं नीट लावूनही रिमाइंडर वाजलंच नाही असं होऊ शकतं. अँड्रॉइड १३ (२०२२) पासून नव्या ॲपला नोटिफिकेशन दाखवायची वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲप्स झोपवून टाकतात. तेव्हा आईवडिलांच्या फोनवर काही लावलंत तर पहिल्या दिवशी पाच मिनिटांनंतरची एक खोटी आठवण लावून, फोन बाजूला ठेवून, ती वाजते का ते बघा. आणि ॲप चिरंजीव नसतं हेही ध्यानात असू द्या. वंडरलिस्ट किती लोकप्रिय होतं! २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि २०२० साली बंद केलं. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहेच. १९७३ पासून ते घराघरांत सिलिंडर कधी लागला, दुधाचा खाडा कधी, हे सांभाळत आलंय. आई गोळी घेतली की त्यातल्या बुधवारवरही एक बारीक गोल करते. फोनवर टिक, भिंतीवर गोल.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत पटतं. आईच्या यादीत फक्त दोन रिमाइंडर्स आहेत. बुधवारचं आणि शनिवारचं. 'पाणी प्या', 'चालायला जा', 'श्वास घ्या' (हो, असंही असतं!) यांतलं काही नाही. दवाखान्यांत यंत्रांचे इशारे सतत वाजत राहिले की परिचारिकांचे कान त्यांना सरावतात आणि खरा इशाराही निसटतो, यावर अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयं तपासणाऱ्या संस्थेने २०१३ साली रीतसर ताकीद काढली होती. तिथे प्रशिक्षित माणसांची ही गत, तर आपली काय कथा. पदराला दहा गाठी मारल्या तर कुठली कशाची हे कुणाला आठवणार? तो पदर राहत नाही, गोधडी होते.

असो. बरंच लिहिलं. नातेवाईक मंडळींपैकी कुणाच्या घरी आठवड्याची गोळी असेल तर आधी ॲपमधली 'पुन्हा' ची सेटिंग उघडून बघा, मग मला फोन करा. आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरी 'घेतली का?' या प्रश्नाचं उत्तर कसं शोधतात? आमच्या एका आत्याबाई घेतलेल्या गोळीचं रिकामं पाकीट रात्रभर उशीखाली ठेवतात. मला तर तेही उत्तम ॲप वाटतं.