हिंवाळ्यांतील गाडी : डिझेल कीं पेट्रोल?

कॅनडांतील सॅस्काचेवान प्रांतांत घरबांधणीचा धंदा करणाऱ्या आपल्या पुतण्यानें मालवाहू पिकअप गाडी डिझेलची घ्यावी कीं पेट्रोलची, असा प्रश्न एका वाचकांनीं आम्हांस विचारला आहे. घरांतील वडील मंडळींचें मत डिझेलकडे झुकतें, कारण 'डिझेल स्वस्त पडतें'. पुतण्यास मात्र शंका आहे. गाडी कर्जानें घ्यावयाची आणि धंदा तिच्यावरच चालावयाचा, तेव्हां शंका यावी हें योग्यच. आमचाही कौल बव्हंशीं तिच्याच बाजूनें आहे.

प्रथम एक खुलासा. चिरंजीवांच्या पत्रांत 'गॅसची गाडी' असे शब्द आले, तर आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडर डोळ्यांपुढें आणूं नये. पेट्रोललाच तिकडे गॅस म्हणतात.

डिझेल स्वस्त हा समज आपल्याकडील सरकारी धोरणांतून जन्मला. त्याची किंमत सरकार दाबून धरीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्यें तें बंधन सुटलें, समज मात्र राहिला. उत्तर अमेरिकेंत डिझेल पुष्कळदां पेट्रोलहून महागच मिळतें. शिवाय मोठ्या पिकअपला डिझेलचें एंजिन घेतल्यास किमतींत दहा हजार डॉलरांच्या आसपास भर पडते. लिटरमागें डिझेलची गाडी अधिक धावते हें खरें. परंतु एवढी रक्कम त्या बचतींतून भरून काढावयाची तर रोजचा पल्ला लांबचा हवा.

आतां थंडीचें. पेट्रोलच्या एंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसतेच. हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यांत दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं त्या उष्णतेनेंच इंधन पेट घेतें. उणें तीस अंशांत सारें लोखंडच गारठलेलें असतां ही उष्णता टिकावी कशी? त्याच वेळीं बॅटरीचा जोर ओसरलेला असतो आणि वंगण काकवीसारखें घट्ट झालेलें असतें. त्यांतून डिझेलमध्यें मेणाचा अंश असतो. पौषांत बाटलींतील खोबरेल थिजतें तसा तो थिजतो, आणि इंधनाची गाळणी तुंबते. आपल्या लडाखांतही हीच अडचण होती. नोव्हेंबर २०१९ मध्यें इंडियन ऑइलनें उणें ३३ अंशांपर्यंत न थिजणारें डिझेल तेथें आणलें. कॅनडांतही हिंवाळ्यांत निराळें डिझेल विकतात. म्हणजे थंडीमुळें डिझेल अशक्य होत नाहीं. त्याची बडदास्त मात्र वाढते.

आमच्या मतें खरी मेख निराळीच आहे. २००७ पासून अमेरिकेंतील नव्या डिझेल पिकअपांना काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास एंजिन चांगलें तापून बराच वेळ धांवावें लागतें. धुरांतील विषारी वायु कमी करण्यासाठीं युरियाचें पाणी निराळ्या टाकींत भरावें लागतें, तें उणें ११ अंशांस गोठतें. म्हणून त्या टाकीलाही तापविण्याची सोय लागते. ज्याचा दिवस वखारीपासून कामापर्यंत चार-सहा मैलांच्या खेपांत जातो, त्याचें एंजिन तापेपर्यंत मुक्काम येतो! गाळणी तुंबून ऐन हंगामांत गाडी दुरुस्तीस गेली, तर तितक्या दिवसांची मजुरी बुडते आणि कर्जाचा हप्ता तर चुकत नाहीं.

जेथें रोज पांच-सहा टनांचें यंत्र ट्रेलरवर घालून शेंकडों मैल न्यावयाचें, तेथें मात्र आम्ही निःसंकोचपणें डिझेल म्हणूं. कमी फेऱ्यांत अधिक ओढण्याची त्याची ताकद पेट्रोलला नाहीं, आणि घाटाच्या उतारावर एंजिनच वेग आवरून धरतें. सॅस्काचेवानचा दक्षिण भाग बहुतेक सपाट, तेव्हां हा दुसरा गुण तेथें वायांच जावयाचा.

म्हणून वडील मंडळींनीं चिरंजीवांस एवढेंच विचारावें, कीं गेल्या महिन्यांत जड ट्रेलर किती दिवस जोडला? दोन-तीनच दिवस असेल, तर पेट्रोलची गाडी घ्यावी आणि त्या दिवसांपुरती दुसरी भाड्यानें आणावी. कोणतीही घेतली, तरी एंजिन तापविणारा विजेचा ब्लॉक हीटर आधींच बसवून घ्यावा. तिकडे थंडीच्या रात्रीं घरासमोरच्या गाड्या विजेच्या वायरीला जोडलेल्या दिसतात त्या ह्याचसाठीं. तो रात्रभर चालू ठेवण्याचें कारण नाहीं. निघण्यापूर्वीं तीन-चार तास पुरतात, आणि वेळ लावून ठेवतां येणारा स्विच तिकडे सहज मिळतो.