कुलूप आणि खुंटा

भोपाळच्या अयोध्या नगरातून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. पत्रकर्ते मूळचे आपल्याच भागातले. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरून त्यांनी तेथे बिऱ्हाड केले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. भोपाळात मराठी माणूस कसा, असे कोणी विचारील तर त्याने 1 नोव्हेंबर 1956 ही तारीख आठवावी. सीमाभागाला ती मुद्दाम सांगावी लागत नाही. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपद गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबांना भोपाळची वाट धरावी लागली. असो. आलेले पत्र राजकारणाचे नाही.

दारासमोर उभी केलेली त्यांची मोटारसायकल एका रात्रीत नाहीशी झाली. कर्जाचे हप्ते तेवढे मागे राहिले. आता ते मुलाची जुनी सायकल घेऊन पाळीवर जातात. तीही गेली तर काय, या धास्तीने ते कुलूप घ्यावयास बाजारात गेले, तर दुकानदाराने आठ-दहा तऱ्हेची कुलुपे पुढे मांडली. यांतले कोणते घ्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पण पत्रातील एक गोष्ट आमच्या मनाला लागली. गाडी गेल्याचे कळताच जो जो भेटावयास आला त्याने प्रथम हेच विचारले म्हणे, की कुलूप लावले नव्हते का? चोराविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी!

अग्रलेखाच्या जागी कुलपाची चर्चा पाहून काही विद्वान नाके मुरडतील. त्यांनी जरा 1952 साल आठवावे. त्या वर्षी मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट आपल्या लोकांनी पाहिला. बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडविते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. शेवटी तो स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवू पाहतो व पोटच्या पोराच्या देखत पकडला जातो. ज्याला दुसरे वाहन नाही त्याची सायकल गेली की किती गोष्टी तिच्यामागून जातात, हे त्या चित्रपटाने सांगितले. पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, दूधवाले, पाळीवर जाणारे कामगार यांना ते चित्रपट न पाहताही ठाऊक आहे.

आणि या माणसाच्या पाठीशी कायदा कितपत उभा आहे? जुन्या दंडसंहितेत चोरी लहान असो वा मोठी, तो दखलपात्र गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम 303 अन्वये चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे खरा. परंतु माल 5,000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, चोर प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याचे मोल परत केले, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. पहिल्या चुकीला तुरुंग दाखवू नये, या विचाराशी आमचे भांडण नाही. भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. नव्या प्रक्रिया संहितेच्या अनुसूचीत 5,000 रुपयांखालील ही चोरी अदखलपात्र ठरविली गेली. म्हणजे पोलिसांनी नोंद करावी, फिर्यादीला दंडाधिकाऱ्याचा रस्ता दाखवावा आणि त्याच्या हुकुमावाचून तपासाला हात लावू नये. जुन्या, वापरलेल्या सायकलीची किंमत आज किती येते? मोटारगाडीच्या धन्यासाठी पोलिसांनी आपणहून धावावे आणि सायकलस्वाराने रोजगार बुडवून न्यायालयाची पायरी चढावी, ही वाटणी कोणत्या न्यायाची? आकड्याची ही रेघ ओढणाऱ्यांपैकी किती जण सायकलीने कचेरीत जातात, हे विचारण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

कायद्याने असा हात आखडता घेतला की गरिबाचा भार कुलपावर येतो, म्हणून कुलपाचा विचार गांभीर्याने करावयाचा.

पहिली गोष्ट ही की न उघडणारे कुलूप जगात झालेले नाही. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून, ते उघडील त्याला 200 गिनी देऊ, असे आव्हान दिले होते आणि कैक वर्षे ते कोणी जिंकले नव्हते. 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाचा अमेरिकन कारागीर आला. त्याने चबचे नावाजलेले कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि ब्रामाचे कुलूप 16 दिवसांत मिळून 51 तास खटपट करून उघडले. या दोन आकड्यांतच कुलपाचे सारे शास्त्र आहे. कुलूप चोराला अडवीत नाही, त्याचा वेळ खाते. रस्त्यावरच्या चोरापाशी 51 तास नसतात, बहुधा दोन-चार मिनिटेच असतात. तेवढ्यात न उरकणारे व उरकताना आवाज करणारे कुलूप ते चांगले.

या कसोटीवर दुकानातला माल लावून पाहावा. मागच्या चाकाला जडविलेले कड्याचे कुलूप आपल्याकडे सर्रास असते. ते चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलून नेण्यास त्याची हरकत नाही! पानाच्या ठेल्याशी दोन मिनिटे थांबण्यापुरते ते ठीक. प्लॅस्टिकच्या वेष्टनातले तारेचे कुलूप दिसावयास गुबगुबीत. वेष्टन काढले की आत बारीक तारांचा पीळ निघतो आणि साधी कातरी तो एकेक पेड करून कापते. आकड्यांच्या कुलपाचा हिशेब तर शाळकरी पोरही करील. तीन आकडे म्हणजे एक हजार जोडण्या. सेकंदाला एक धरली तर सतरा मिनिटांच्या आत सगळ्या संपतात. दुपारभर उभ्या असलेल्या सायकलीपाशी सतरा मिनिटे मिळणे काही अवघड नाही. आणि महागाचे म्हणून निर्धास्त राहावे, तर 2004 साली अमेरिकेत नामांकित कंपन्यांची गोल किल्लीची कुलुपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असे उघडकीस आले होते.

उरली साखळी आणि यू आकाराचे पोलादी कुलूप. साखळी घ्यावयाची तर कठीण केलेल्या पोलादाची, जाड व शक्यतो चौकोनी कड्यांची घ्यावी; गोल कडीपेक्षा ती कटरच्या जबड्याला दाद देत नाही. मात्र आमचे लोक दणकट साखळी घेतात आणि तिच्या टोकाला पेटीचे चिमुकले कुलूप अडकवितात. चोर साखळीकडे ढुंकूनही पाहत नाही, कुलपाची काडीएवढी कडी तोडतो. साखळीच्या तोडीचे, कडी झाकलेले कुलूप हवे. अलिगढच्या कारागिरांनी आणि 1897 पासून मुंबईत गोदरेजांनी या देशाला कुलपे पुरविली आहेत. चांगला माल मिळत नाही, असे मुळीच नाही. यू आकाराचे कुलूप सर्वांत भरवशाचे, परंतु ते बेताच्या मापाचे घ्यावे. मध्ये रिकामी जागा उरली की चोर तीत पहार घालून जोर लावतो. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलपे प्रत्यक्ष हत्यारांनी फोडून पाहते आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा अशा प्रती ठरविते. आपल्या दुकानांत प्रत ठरते ती खोक्यावरच्या चित्रावरून.

विजेरीवर चालणारे ग्राइंडर हाती असलेल्या चोरापुढे यांतले बहुतेक सारे काही मिनिटांचे पाहुणे आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. पण ठिणग्या उडवीत, कर्कश आवाज करीत भर वस्तीत जुन्या सायकलीसाठी एवढा खटाटोप करणारा चोर विरळा. तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असेही होऊ देऊ नये. शेजारच्या सायकलीपेक्षा आपली सोडविणे अधिक कटकटीचे असावे, इतके पुरे. (म्हणजे चोर शेजाऱ्याकडे जाईल, हे आम्हांस कळते. म्हणूनच केवळ कुलपावर हा प्रश्न सुटत नाही.)

आता मुख्य मुद्दा. शेतकरी बैलाला दावे घेताना खुंटा आधी पाहतो. गळ्यात दावे आहे आणि दुसरे टोक मोकळे आहे, अशा बैलाला कोणी बांधलेला म्हणत नाही. आपल्या गावांतील निम्म्याहून अधिक सायकली नेमक्या अशा बांधलेल्या दिसतात! कुलूप आहे, साखळी आहे, पण ती चाकातून चाकात. दोघांनी टेम्पोत उचलून घातली की कुलूपही गेले आणि सायकलही गेली. दोष सर्वस्वी मालकाचा नव्हे. बांधावयाची कशाला? विजेच्या खांबाला बांधली तर वाट अडते, दुकानाच्या जाळीला बांधली तर दुकानदार ओरडतो. भाजी मंडईत, बसस्थानकाबाहेर, सरकारी दवाखान्यात, शाळेच्या आवारात जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खुंटा कोठे आहे?

भोपाळात 2017 साली भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या, तेव्हा त्या अडकवून ठेवण्याची पक्की स्थानके शहरात जागोजाग उभारली गेली. योजनेच्या सायकलीला खुंटा मिळाला. कामगाराच्या स्वतःच्या सायकलीला तो का मिळू नये? आपल्याकडे एके काळी नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि बिल्ला देत. बिल्ला नसला तर शिपाई सायकल अडवीत असे. कर घेताना सायकल दिसत होती, सोय करताना ती दिसेनाशी होते! वाकविलेला नळ, थोडे सिमेंट आणि वेल्डरची दोन तासांची मजुरी, एवढ्यात दोन सायकलींचा खुंटा होतो. यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याचे कारण नाही. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक नगरपालिकेने मंडई, स्थानक आणि शाळा यांच्याजवळ असे खुंटे घालण्यासाठी रक्कम धरावी, अशी आमची मागणी आहे, आणि प्रत्येक प्रभागातील मतदारांनी आपल्या नगरसेवकाला ती तोंडावर विचारावी.

पत्रकर्त्यांना आमचे उत्तर असे. आपल्या ऐपतीप्रमाणे बेताच्या मापाचे यू कुलूप किंवा झाकल्या कडीच्या कुलपासह जाड साखळी घ्यावी. ती मागचे चाक, सांगाडा आणि खुंटा या तिघांना मिळून घालावी. जमिनीवर लोळू देऊ नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की कटरला जोर येतो. रात्री सायकल घरात घेता येत असेल तर जिना चढण्याचा कंटाळा करू नये. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक वहीत उतरवावा, छायाचित्र काढून ठेवावे आणि खरेदीची पावती जपावी. 5,000 रुपयांच्या रेघेच्या कोणत्या बाजूस आपण आहोत, हे उद्या त्याच कागदावर ठरू शकते. मोटारसायकलीची फिर्याद अजून दिली नसेल तर आजच द्यावी. नव्या संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. हे आमच्या निपाणी-कागलच्या वाचकांनीही ध्यानात ठेवावे. एका राज्यात चोरीस गेलेली गाडी तासाभरात दुसऱ्या राज्यात पोहोचते, आणि हद्द आमची नव्हे हे उत्तर या भागाने पुष्कळ ऐकले आहे. विमा सर्वंकष असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. दोन्ही किल्ल्या ती मागेल, त्या सांभाळून ठेवाव्यात.

अयोध्या नगरातील आपल्या इमारतीच्या रहिवाशांची बैठक बोलावून आवारात दहा खुंटे घालता येतील काय, तेही पाहावे. वर्गणी किती निघाली आणि कोणी नाही म्हटले, ते आम्हांस अवश्य कळवावे.