छातीत कळ आली की तिखट नको, १०८ लावा

झटका आला की चमचाभर लाल तिखट पेलाभर कोमट पाण्यात ढवळून पाजा, मिनिटभरात माणूस उठून बसतो! हा निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे ढकलतात. हा लोकांच्या जिवाशी चाललेला खेळ आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात बहुतेक वेळा धमनी गुठळीने बुजते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. १२ तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. तिखटाच्या पाण्याने गुठळी विरघळत नाही. पोटात आग पडते, उलटी होते आणि शुद्ध हरपत चाललेल्याच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकतं.

धारणीहून अमरावतीचं मोठं रुग्णालय सुमारे १५० किलोमीटर, वाटेत मेळघाटाची वळणं. एवढा रस्ता ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना अर्धी घटका तिखट ढवळत बसायला सांगणं हा अपराध आहे.

यावर ठरलेली उत्तरं येतात. ‘आमचे आजोबा जन्मभर भाकरीवर ठेचा खाऊन ८० वर्षं जगले.’ जगले असतील, वावरात राबतही होते. ठेच्याला कोणी बोल लावलेला नाही. जेवणातली मिरची झटक्यावरचं औषध होत नाही, एवढंच म्हणणं आहे.

‘मिरचीला नोबेल मिळालं!’ साफ खोटं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं. ज्युलियस यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने उष्णता आणि वेदना ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) शोधला. मिरचीचा सिद्ध उपयोगही वेदनेवरचाच आहे: नागीण बरी झाल्यावर उरणाऱ्या ठणक्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी डॉक्टरांच्या देखरेखीत त्वचेवर लावतात.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ तुर्कस्तानात २५ वर्षांच्या धडधाकट तरुणाने वजन उतरवायला कॅयेन मिरचीच्या गोळ्या घेतल्या आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी २०१२ मध्ये ही नोंद छापली. हृदयाची धमनी आकसल्याचा संबंध त्यांनी गोळ्यांशी जोडला. एका रुग्णावरून नियम ठरत नाही, पण ‘अपाय होतच नाही’ ही बढाई मोडायला एक पुरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मिरचीची अशी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

छातीवर दाब, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ जाणवली की रुग्णाला बसवावं, चालवू नये आणि लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. तिखटाचा निरोप पाठवणारा सख्खा मामा असो की शाळेतले गुरुजी, तो निरोप खोडून टाका असं त्यांना त्याच ग्रुपवर, सगळ्यांदेखत सांगावं.