अब्बांना नेमकं काय झालं होतं?

“वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता का?” वाशीतल्या एका हॉस्पिटलात फॉर्म भरताना डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, “माहीत नाही.” त्यांनी ‘नाही’समोर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, हे सांगावंसं वाटलं होतं. पण बाहेर तीस माणसं ताटकळत होती. मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची आमच्या घराण्यात जुनी सवय आहे.

अब्बा १९९८ साली गेले, म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी. शेवटची दोन-तीन वर्षं ते रात्री चार-पाच वेळा उठायचे. पुढे लघवी अडू लागली, मग कंबर दुखू लागली, मग त्यांनी अंथरूण धरलं. ‘वय झालं’ एवढंच निदान झालं आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की बहुधा आधी हाडांत जातो, कंबरेत, मणक्यात, हे मला आता कळलं. म्हणून अब्बांना तेच झालं होतं असं म्हणता येत नाही. उतारवयात प्रोस्टेट वाढणं साधी गोष्ट आहे आणि कंबर कुणाचीही दुखते. पण आता खरं काय ते कळायचा मार्ग उरलेला नाही.

माझं वय एकसष्ट. तळोज्यात राहतो. यंदा पावसाळ्यात रक्ततपासणी केली, त्यात पीएसए ७.८ आला. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ती पीएसए नावाचं प्रथिन तयार करते, त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. साधारण ४पर्यंत ठीक मानतात. पण जंतुसंसर्गानं आकडा चढतो, नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनंही चढतो. ४ ते १० या पट्ट्यातल्या पुरुषांपैकी साधारण चारांतल्या एकाला कॅन्सर निघतो. डॉक्टरांनी हे मला नीट समजावलं होतं. तरी बेलापूरला लोकल सोडून मेट्रोत बसलो, तेव्हा समोरच्या बाकावरची चार माणसं मी मोजलीच.

औषधांचा कोर्स झाला. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा ७.१. मग एमआरआय. त्याचा रिपोर्ट गुरुवारी रात्री आठ वाजता मोबाइलवर लिंक होऊन आला. सगळा इंग्रजीत. त्यात ‘पी-रॅड्स ३’ असं लिहिलं होतं. ही एक ते पाचची मोजपट्टी असते. एक-दोन म्हणजे शक्यता कमी, चार-पाच म्हणजे जास्त, आणि तीन म्हणजे सांगता येत नाही. डॉक्टर सोमवारी भेटणार होते. मधल्या चार रात्री मी कशा काढल्या ते मलाच ठाऊक. रात्री दोन वाजता मोबाइल हातात घ्यायचा, काहीतरी शोधायचं, एका पानावर धीर मिळाला की दुसरं उघडायचं आणि तो घालवायचा.

माझी पहिली तक्रार इथे आहे, आणि ती एका हॉस्पिटलची नाही, एकूण पद्धतीची आहे. रिपोर्ट एका सेकंदात पोचवणारी यंत्रणा आपण उभी केली. तो समजावणारा माणूस मात्र चार दिवसांनी भेटतो. रिपोर्ट पाठवायच्या आधी पेशंटला एवढंच विचारावं : तुम्हाला तो लगेच हवा की डॉक्टरांसमोर? फार खर्च नाही त्यात. पुढे बायोप्सी ठरली तेव्हा मी हा प्रश्न स्वतःच विचारला. रिपोर्ट कोणत्या तारखेला येईल, कोण वाचून सांगेल आणि उशीर झाला तर फोन कुणाला करायचा, हे कागदावर लिहून घेतलं. भीती गेली नाही, पण तिला एक तारीख मिळाली. तारीख नसलेल्या वाट पाहण्यापेक्षा ते बरं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. शेजारच्या एका बुजुर्गांना मी थोडंसं सांगितलं तर ते म्हणाले, “अल्लाहवर भरोसा ठेवा, टेन्शन घेऊ नका.” त्यांची नियत चांगलीच होती. पण घरी आल्यावर माझी भीती दुप्पट झाली. आधी फक्त आजाराची भीती होती. आता वाटू लागलं की आपल्याला झोप लागत नाही म्हणजे आपला ईमानही कच्चा. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण गुन्ह्याचं ओझंही ठेवतो, हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तवक्कुलचा अर्थ सांगताना आपण उंटाची हदीस नेहमी सांगतो. आधी उंट बांध, मग भरोसा ठेव. रक्त देणं, मशिनीत झोपणं, सुई टोचून घेणं हे माझं उंट बांधणं आहे. आणि सब्राचं म्हणाल तर याकूब अलैहिस्सलाम आठवा. ‘सुंदर सब्र’ हे शब्द कुरआनात त्यांच्या तोंडी आहेत, आणि मुलाच्या दुःखात रडून रडून ज्यांची दृष्टी गेली तेही तेच. एका पैगंबराचं रडणं सब्राच्या आड आलं नाही, तर तळोज्यातल्या एका रिटायर्ड माणसाचं रात्री दोनला जागं राहणं कसं येईल?

या महिन्यांत मला अब्बांबद्दल आणखी एक गोष्ट उमगली. ते गावच्या मशिदीत कायम पहिल्या सफमध्ये असायचे. मग मागे, दाराजवळ बसू लागले. मग घरीच नमाज पढू लागले. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. आता मीच दाराजवळची जागा शोधू लागलो, तेव्हा कळलं. लघवी करून आल्यावरही थेंब जातो. कपडा पाक राहिला का, वजू राहिली का, ही शंका नमाजभर डोक्यात असते. ज्याला हा त्रास सतत आहे त्याला शरियतनं सवलत दिली आहे. नमाजची वेळ झाली की स्वच्छ व्हावं, कपडा किंवा पॅड लावावं, वजू करावी आणि नमाज पढावी. मध्ये थेंब गेला तरी नमाज होते. शाफई आणि हनफी मतांत बारकावे वेगळे आहेत, सवलत दोन्हींत आहे. ते आपल्या मौलानांना विचारून घ्यावं. मदरशात सात वर्षांच्या पोराला आपण इस्तिंजाचे नियम पाठ करून घेतो. सत्तरीतल्या माणसाला हा एक नियम कुणी सांगितला नाही, म्हणून तो मशिदीपासून दूर झाला असेल, तर ती चूक त्याची नाही. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा पाच मिनिटं यावर बोललं तर काय बिघडेल?

हे फक्त आपल्याच समाजाचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. बेलापूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेला एक हिंदू मित्र आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “अरे, माझी बायोप्सी दोन वर्षांपूर्वीच झाली. कॅन्सर निघाला, पण मंद जातीचा. ऑपरेशन नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासतात.” दोन वर्षं आम्ही दर आठवड्याला बोलत होतो. पोरांची लग्नं, पेन्शन, राजकारण, सगळं झालं होतं, हे सोडून. त्यानंच मला एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासाबद्दल सांगितलं. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष त्यात होते. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. २०२३मध्ये निष्कर्ष आले : पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले शंभरात साधारण तीन. मात्र हे लवकर सापडलेल्यांचं झालं. आपल्याकडे अनेक जण हाडांपर्यंत पसरल्यावर येतात. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आमच्या घरापासून जवळ आहे. देशभरातून माणसं तिथे येतात. आम्ही मात्र त्या पाटीसमोरून जाताना नजर दुसरीकडे वळवत आलो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “रात्री किती वेळा उठता ते मी रमजानपासून मोजतेय. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते.” म्हणजे वाट पाहणारा मी एकटा नव्हतो. आता आम्ही एक ठरवलंय. मगरिबनंतर अर्धा तास या विषयावर काय बोलायचं ते बोलायचं, सुचलेले प्रश्न वहीत लिहायचे. इशानंतर मोबाइल तिच्या उशाशी. सगळ्या रात्री बऱ्या जातात असं नाही. पण दोनला जाग आली की आता निदान हळूच विचारता येतं, “जागी आहेस का?”

मुलाला सांगायला जास्त जड गेलं. तो पस्तीस वर्षांचा. पण त्याला सांगणं माझ्या मर्जीवर सोडण्यासारखं नव्हतं. वडिलांना किंवा भावाला हा आजार असला तर धोका साधारण दुप्पट होतो. म्हणजे माझा रिपोर्ट हा त्याचाही कागद आहे. तो लपवला तर अब्बांनी मला जे दिलं तेच मी त्याला देईन, एक रिकामी ओळ. अब्बांना मी दोष देत नाही. त्यांना विचारलं कुणी? मीही नाही विचारलं. तेव्हा माझं वय पस्तीसच्या आतलंच होतं.

म्हणून वाचकांना माझं सांगणं एवढंच. घरात पन्नाशी ओलांडलेला पुरुष असेल तर त्याला विचारा, रात्री किती वेळा उठता? तो चिडेल, विषय बदलेल. पुन्हा विचारा. तपासणी कधी करावी, करावी की नाही, ते डॉक्टर सांगतील. घरच्यांनी फक्त विचारायचं आहे.

बायोप्सी गेल्या मंगळवारी झाली. बारा तुकडे घेतले. रिपोर्ट येत्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता, डॉक्टरांसमोर. मुलगा सोबत येणार आहे. काय निघेल ते अल्लाह जाणे. बायोप्सीच्या दिवशी मी डॉक्टरांकडून तो पहिला फॉर्म परत मागून घेतला. वडिलांच्या ओळीतली खूण खोडली आणि पुढे लिहिलं : माहीत नाही. लघवीचा त्रास होता, कंबर दुखायची, १९९८.