विक्रम चोरीचा, कसोटी संयमाची

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने २०२३ च्या मोसमापासून नियमांत जे फेरफार केले, त्यांचा सर्वाधिक लाभ झाला तो ‘चोरां’ना. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच करण्यात आली. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधील अंतर साडेचार इंचांनी घटले. बेसवरच्या धावपटूला अडकवून ठेवण्यासाठी पिचरने चेंडू त्याच्या दिशेने कितीही वेळा फेकावा, ही जुनी मुभाही गेली. एका फलंदाजाच्या खेळीत असे दोनच प्रयत्न. तिसऱ्यात धावपटू बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस फुकट बहाल. परिणाम त्याच वर्षी दिसला. २०२२ मध्ये अडीच हजारांच्या आत असलेल्या बेसचोऱ्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांवर गेल्या. रोनाल्ड आकुन्याने ७३ बेस चोरले. २०२४ मध्ये एली दे ला क्रूझने ६७, तर होम रनांसाठी ख्यातनाम असलेल्या शोहेई ओहतानीनेही ५९.

मात्र एका मोसमात शंभराचा आकडा १९८७ नंतर कोणालाही गाठता आलेला नाही. आणि कारकिर्दीतील १,४०६ चोऱ्यांचा विक्रम तर या सवलतींनंतरही जिथे होता तिथेच आहे. हा विक्रम ज्याच्या नावावर आहे तो रिकी हेंडरसन २० डिसेंबर २०२४ रोजी, पासष्टाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. दुसऱ्या क्रमांकावरील लू ब्रॉकच्या चोऱ्या ९३८. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत ४६८ चे अंतर असावे, हा प्रकार केवळ वेगाने उलगडत नाही. हेंडरसनपेक्षा वेगवान धावपटू बेसबॉलने पाहिले आहेत.

आपल्याकडील क्रिकेटच्या परिभाषेत ‘चोरटी धाव’ आहे. पण तिथे चेंडू टोलवलेला असतो आणि दोन फलंदाजांचा इशारा झालेला असतो. बेस चोरणारा एकटाच असतो. पिचर चेंडू टाकू लागताच तो नव्वद फुटांपलीकडच्या बेसकडे झेपावतो. चेंडू पिचरकडून कॅचरकडे आणि तिथून दुसऱ्या बेसवर पोचायला साधारण सव्वातीन ते साडेतीन सेकंद लागतात. तेवढ्यात पोचले तर ठीक, नाही तर बाद. तेव्हा खरा प्रश्न पायांचा नसून डोळ्यांचा असतो. पिचरचा खांदा, टाच, गुडघा यांपैकी नेमके काय हलले की चेंडू फलंदाजाकडे जाणार आणि काय हलले की आपल्याकडे वळणार, हे ओळखायचे. (बेस सोडून पुढे सरकलेल्याला पिचरने बाद करणे हा तिथे नित्याचा खेळ. १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकड यांनी बिल ब्राउनला जवळपास तसेच बाद केले, तर क्रिकेटजगत आजही अखिलाडूपणाची चर्चा करते!)

हेंडरसनचा जन्म १९५८ च्या नाताळच्या दिवशी शिकागोत झाला, आणि तोही रुग्णालयाकडे निघालेल्या मोटारीच्या मागच्या आसनावर. बालपणीच कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला आले. कृष्णवर्णीय कामगारवस्तीच्या या शहरात त्याला खरे वेड होते अमेरिकन फुटबॉलचे. फुटबॉलमध्ये हाडे मोडतील म्हणून आईने बेसबॉलकडे वळवले. शाळेतील समुपदेशक बाई प्रत्येक फटक्यामागे, धावेमागे आणि चोरीमागे पंचवीस सेंट देत, असे त्याने २००९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समारंभात सांगितले होते. १९७६ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने, म्हणजे घरच्याच संघाने, त्याला करारबद्ध केले. पुढच्या वर्षी मॉडेस्टोच्या दुय्यम संघाकडून त्याने ९५ बेस चोरले. एकाच सामन्यात सात. टॉम ट्रेबलहॉर्न या प्रशिक्षकाने त्याला पिचर ‘वाचायला’ शिकवले ते याच काळात.

जून १९७९ मध्ये तो मुख्य संघात आला आणि लेफ्ट फील्डमध्ये स्थिरावला. १९८० मध्ये बिली मार्टिन व्यवस्थापक झाले. आक्रमकता हाच ज्यांचा स्वभाव, त्या मार्टिन यांनी या तरुणाला मोकळे सोडले. त्याच मोसमात शंभर चोऱ्या करून त्याने अमेरिकन लीगमधील टाय कॉबचा १९१५ पासूनचा ९६ चा विक्रम मोडला. २७ ऑगस्ट १९८२ रोजी मिलवॉकीत ११९ वा बेस चोरून ब्रॉकचा एका मोसमाचा विक्रमही मागे टाकला. मोसम संपला तेव्हा आकडा होता १३०.

हेंडरसन म्हटले की हाच आकडा सांगितला जातो. पण हिशेबाच्या कसोटीवर हे त्याचे सर्वोत्तम वर्ष नव्हेच. त्या मोसमात तो ४२ वेळा पकडलाही गेला. यशाचे प्रमाण जेमतेम ७६ टक्के. चोरीने मिळणारा बेस आणि फसल्यास जाणारा गडी यांचे मोल सारखे नसते. साधारण चारपैकी तीन प्रयत्न यशस्वी झाले नाहीत, तर चोर संघाचे नुकसानच करतो, हे संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. नव्या शतकाच्या आरंभी संघचालकांनी हे गणित मनावर घेतले आणि चोऱ्या आटल्या. गंमत अशी की, या नव्या विचाराचे माहेरघरही ओकलंडच होते. त्या गणितानुसार १९८२ चा पराक्रम जवळपास ‘ना नफा ना तोटा’ ठरतो. उलट १९८५ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना त्याने ८० बेस चोरले आणि तो पकडला गेला केवळ दहा वेळा. त्या मोसमात त्याच्या धावा होत्या १४६. विक्रमांच्या यादीत हे वर्ष ठळक दिसत नाही. वास्तविक चोरीची कला त्याला पूर्णपणे साधली ती तेव्हा.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे चोरी करण्यासाठी मुळात पहिल्या बेसवर असावे लागते. हेंडरसन फलंदाजीला उभा राहताना इतका वाकत असे, की पिचरला चेंडू टाकायला जागाच उरत नसे. त्यातच नजर विलक्षण. हुकलेल्या चेंडूंकडे तो ढुंकून पाहत नसे आणि चार चेंडू बाहेर गेले की चालत पहिल्या बेसवर जाई. असे २,१९० ‘वॉक’ त्याने मिळवले. निवृत्त झाला तेव्हा हाही विक्रमच होता. पुढे बॅरी बॉण्ड्सने तो मोडला. कारकिर्दीत शंभरातील चाळीस वेळा तो बेसवर पोचला. व्हिन्स कोलमनशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. सेंट लुईसच्या या खेळाडूने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे शंभरावर चोऱ्या केल्या. हेंडरसनलाही सलग तीन वर्षे ते जमले नाही. पण कोलमन बेसवर पोचायचा तो शंभरात बत्तीस वेळा. त्याची कारकीर्द ७५२ चोऱ्यांवर थांबली.

सलामीचा फलंदाज म्हणून पहिल्याच खेळीत ८१ वेळा होम रन ठोकणारा हा माणूस होता. म्हणजे चेंडू टप्प्यात टाकला तर कुंपणापलीकडे, बाहेर टाकला तर फुकटचा पहिला बेस, आणि पहिल्यावरून दुसरा तो चोरणारच. पिचरने करायचे काय? १९८९ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेत टोरांटोच्या पिचरांना हे उत्तर सापडले नाही; पाच सामन्यांत त्याने आठ बेस चोरले. त्या वर्षी, भूकंपाने खंडित झालेल्या विश्वमालिकेत, ओकलंड विजेता ठरला. पुढच्या वर्षी हेंडरसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. स्वतः हेंडरसन मोठे मानी तो धावांना, चोऱ्यांना नव्हे. २००१ मध्ये कॉबचा सर्वाधिक धावांचा विक्रम त्याने होम रनने मोडला. होम रननंतर धावण्याचीही गरज नसते; हा गडी मात्र होम प्लेटवर घसरत आला! अखेर त्याच्या धावा झाल्या २,२९५. हा विक्रमही अबाधित आहे, आणि माझ्या मते तोच त्याचा खरा विक्रम.

अमेरिकन वृत्तपत्रांनी मात्र त्याची दुसरीच प्रतिमा उभी केली. १ मे १९९१ रोजी ओकलंडच्या मैदानावर ९३९ वा बेस चोरून त्याने ब्रॉकला मागे टाकले. ब्रॉक तिथे हजर होता. हेंडरसनने बेस उपटून डोक्यावर धरला आणि छोटे भाषण केले. त्यात देवाचे, शहराचे, प्रेक्षकांचे, आईचे आणि दीड वर्षापूर्वी हेंडरसनच्याच वाढदिवशी अपघातात गेलेल्या बिली मार्टिन यांचे आभार होते. शेवटी, ब्रॉक थोर होता, पण आज मीच सर्वकाळचा श्रेष्ठ आहे, अशा आशयाचे एक वाक्य होते. लोकांच्या स्मरणात राहिले तेवढेच वाक्य. त्याच रात्री टेक्ससमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने एकही फटका न देता आपला सातवा सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी विनम्र रायन विरुद्ध गर्विष्ठ हेंडरसन अशी तुलना आयतीच मिळाली.

त्याची मानधनाविषयीची जाहीर नाराजी, स्वतःचा उल्लेख ‘रिकी’ असा तृतीयपुरुषी करण्याची सवय, यांनी या प्रतिमेला खतपाणी घातले. त्याच्या नावावर किस्से रचले जाऊ लागले. क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालणाऱ्या जॉन ओलेरूडला तो म्हणे म्हणाला, ‘माझा एक जुना सहकारीही असेच हेल्मेट घालायचा’, आणि तो सहकारी खुद्द ओलेरूडच होता! हा विनोद देशभर छापून आला. तो घडलाच नव्हता, हे ओलेरूडने सांगितले तरी त्याचा प्रसार थांबला नाही. पिचरच्या टाचेची हालचाल ध्यानात ठेवणारा खेळाडू सहकाऱ्याला विसरला, हे इतक्या सहज पटावे यात ऐकणाऱ्यांचेच पूर्वग्रह अधिक दिसतात. कृष्णवर्णीय खेळाडूच्या कौशल्याला ‘उपजत वेग’ म्हणायचे आणि त्यामागील अभ्यास नजरेआड करायचा, ही खोड अमेरिकन क्रीडापत्रकारितेत जुनीच.

हेंडरसन एकूण २५ मोसम आणि नऊ संघांकडून खेळला. ओकलंडकडे तीन वेळा परतला. १९९८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने ६६ बेस चोरून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. २००३ नंतर कोणीच बोलावले नाही, तरी निवृत्ती जाहीर न करता २००५ मध्ये तो सॅन दिएगोच्या एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये, पोटापाण्याची ददात नसताना, सेहेचाळिसाव्या वर्षी खेळत होता. एखाद्या विशीतील खेळाडूने आज वर्षाला सत्तर बेस चोरायला सुरुवात केली, तर त्याला १,४०६ गाठायला वीस वर्षे लागतील. बेस तीन इंचांनी वाढवला म्हणून ही वीस वर्षे कमी होत नाहीत.

२०१७ मध्ये ओकलंडच्या मैदानाला ‘रिकी हेंडरसन फील्ड’ असे नाव देण्यात आले. तोवर शहरातून संघांच्या स्थलांतराची चर्चा सुरू झालेली होती. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला. नव्या स्टेडियमचा वाद सुटला नाही आणि ॲथलेटिक्सच्या मालकांनीही लास वेगासचाच रस्ता धरला. तेथील स्टेडियम होईपर्यंत २०२५ पासूनचे सामने सॅक्रामेंटोत ठरले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमध्ये अखेरचा सामना झाला. प्रारंभीचा मानाचा चेंडू टाकायला हेंडरसन आपला जुना सहकारी डेव्ह स्टुअर्टसह मैदानावर उतरला होता. स्टुअर्टही ओकलंडचाच. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच हेंडरसनच्या निधनाची बातमी आली, तेव्हा त्याचे नाव असलेल्या त्या मैदानावर खेळायला ॲथलेटिक्स शहरात उरले नव्हते.